वर्ख गेला कुठं

मी बसमधून पांढुर्ण्याला उतरलो की निम्म्या बाजाराला एकदम भूक लागायची. सकाळ असो की भर दुपार, दुकानाच्या फळ्या लावून मंडळी जेवायला निघून जायची. याला कारण मीच. सौंसरच्या स्टँडवर कंडक्टर तिकीट फाडता फाडता विचारायचा, "आज कोणाकडे जी, साहेब?" आणि मी ऐटीत सांगायचो, "ते गुप्त असते." तेवढं त्याला पुरायचं. माझ्या तोंडातून गुप्त निघालं की आज धाड. ती बातमी माझ्याच बसनं जायची, तरी माझ्याआधी पोचायची.

ऐंशीच्या दशकात मी त्या भागात अन्न निरीक्षक होतो. लोक मला 'सॅम्पलवाले साहेब' म्हणत आणि मी वळणापलीकडे गेलो की नुसतं 'सॅम्पल'. काम सांगायला सोपं आहे. दुकानात जायचं, आपण कोण ते सांगायचं, माल रीतसर विकत घ्यायचा, पंचासमोर त्याचे तीन सारखे भाग करायचे, तीन स्वच्छ कोरड्या बाटल्यांत भरून लाखेनं सील करायचे. एक भाग सरकारी प्रयोगशाळेत जातो, दोन राखून ठेवतात, कारण पहिल्या भागावरून भांडण होणार हे सरकारनं धरूनच ठेवलेलं असतं. मिठाई असेल तर वाटेत सडू नये म्हणून वर फॉर्मलिनचे थेंब टाकायचे. कॉलेजात बाटलीतला बेडूक ज्यात ठेवतात, तेच ते. म्हणजे ज्या मालात भेसळ आहे का हे बघायचं, त्यात ढळढळीत भेसळ मीच करायचो, वर सही ठोकून.

यातलं सगळ्यात अवघड काम पंच मिळवणं. माणूस गर्दीत मान उंचावून सगळं बघत असायचा. 'पंच व्हा' म्हटलं की त्याला अचानक बस गाठायची असायची.

आणि गिऱ्हाइकं तरी कशी यायची! एकदा एक शेतकरी डब्यात वांग्याची भाजी घेऊन माझ्या दारात उभा. बायको आपल्या जेवणात काहीतरी टाकून राहिली, असा त्याचा संशय. मी धीर करून चाखली. ती टाकत होती ते मीठ होतं, आणि फार टाकत होती. तसं सांगितलं तर तो म्हणाला, "असं लिहून द्या." बायकोला दाखवायला त्याला सरकारी कागद हवा होता. मी दिला नाही, कारण माझ्या घरची भाजीही त्याच चवीची होती आणि मला कुणी कागद दिलेला नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते वर्खाचं. मिठाईवर चांदीचा पापुद्रा लावतात ना, तो. चांदीचा तुकडा कातड्याच्या घड्यांत घालून ठोकत राहायचं, इतकं की शेवटी फुंकर मारली तर उडेल. चांदी महाग, म्हणून काही हुशार लोक अ‍ॅल्युमिनियम ठोकतात. डोळ्याला दोन्ही सारखेच. फरक बोटाला कळतो. चिमटीत धरून चोळलं की चांदी बोटातच विरते, दिसेनाशी होते. अ‍ॅल्युमिनियमची बारीक गोळी होते. विरलं ते असली, गोळी झाली ते नकली. ही परीक्षा मला फार आवडायची. बाटली नको, पंच नको, खर्च नको, आणि बघणाऱ्यांवर छाप पडायची ती वेगळीच. मी ती जिथं तिथं करून दाखवायचो. माझी बायको सुमन म्हणायची, "जादूगार व्हायचे सोडून नोकरीत कायले आले तुमी?"

पांढुर्ण्याच्या स्टँडजवळ वेणूबाईचं लहानसं दुकान होतं. खव्याची बर्फी, थंडीत संत्र्याची बर्फी, बाकी काही नाही. बाई मूळची रामाकोन्याची, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. दुकान टाकलं तेव्हा भिंतीवरची बुद्धाची तसबीर बघून काही गिऱ्हाइकं पायरीवरूनच भाव विचारून माघारी फिरायची, आणि त्यांना भाव परवडत नव्हता असं मुळीच नव्हतं. तिच्या हातचं खायला बाजारानं बराच वेळ घेतला. शेवटी बर्फी जिंकली. सणावाराला तिच्याकडे रांग लागू लागली. बर्फीवर ती असली वर्ख लावायची आणि तो आपण स्वतः नागपूरहून आणतो हे प्रत्येकाला सांगायची. चमक दिसल्याशिवाय लोक सणाची मिठाई मानत नव्हते.

अशा बाईच्या दुकानात मी पोळ्याच्या दिवशी गेलो. छिंदवाड्याहून वरच्या साहेबांचा निरोप होता, सणाच्या मिठाईचे नमुने घ्या. माझी सासुरवाडी सावरगावची, म्हणजे जाम नदी ओलांडली की पांढुर्णा. मी मनात हिशोब केला: सकाळी सासुरवाडी, दुपारी सॅम्पल, संध्याकाळी पुरणपोळी. सरकारी भाड्यात पोळा.

सकाळी साळा दिवाकर म्हणाला, "जवाईबापू, यंदा शिंगं तुमी सजवा." वाचकांपैकी ज्यांनी बैलाच्या शिंगांना बेगड लावलेली नाही त्यांना सांगतो, ती चांदीसारखी चमचमती पट्टी शिंगाला डिंकानं चिकटवायची असते, आणि त्या वेळी बैल मान हलवत असतो. दिवाकरचा बैल तर नाहीच म्हणत होता. डिंकाची वाटी माझ्या हातावर उलटली, बेगडीचे तुकडे उडाले, निम्मी सजावट बैलाची झाली आणि निम्मी माझी. सासूबाई दारातून कौतुकानं पाहत होत्या. कुणाचं कौतुक ते कळलं नाही. उशीर झाला म्हणून मी बादलीत हात बुचकळले, धोतराच्या सोग्याला पुसले, पँट चढवली आणि बाटल्यांची पिशवी घेऊन नदी ओलांडली. बाटली स्वच्छ आणि कोरडी असावी, असं नियमात लिहिलेलं होतं. निरीक्षकाच्या हातांबद्दल नियम गप्प होता.

स्टँडवर ही गर्दी. वेणूबाईकडे रांग. मी रीतसर नाव सांगितलं, बर्फी विकत घेतली, शेजारच्या खुशाल पानवाल्याला हाताला धरून पंच केलं. तीन भाग केले, सील केले. इथं थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण एवढी माणसं आयती उभी होती. मी बर्फीवरचा वर्ख चिमटीत घेतला, हात उंच केला आणि चोळला.

गोळी झाली.

मी पुन्हा चोळला. छान, टणक, चमकणारी गोळी. मी ती तळहातावर ठेवून लोकांना दाखवली आणि भाषण केलं. अ‍ॅल्युमिनियम कसं असतं, भांड्याला ठीक, पोटाला नाही, ते अंगात साठत जातं तर काय होईल, वगैरे. त्यातलं मला स्वतःला किती ठाऊक होतं हे विचारू नका; पण बोलत गेलो तसं ते मलाच पटत गेलं. रांग मागून विरघळू लागली. एका म्हाताऱ्यानं घेतलेली पुडी काउंटरवर परत ठेवली आणि हात धोतराला पुसला. तो हात पुसणं वेणूबाईनं पाहिलं. तसं हात पुसणं तिनं आधीही पाहिलेलं असणार, कारण तिचा चेहरा बघता बघता बंद झाला.

ती माझ्याशी भांडली नाही. कागदावर सही केली आणि एवढंच म्हणाली, "साहेब, उद्या मेला आहे."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात आणि ते बघायला चारी बाजूंनी माणूस लोटतो. त्या मेल्यासाठी, म्हणजे जत्रेसाठी, तिनं खव्याचे ट्रेच्या ट्रे भरून ठेवले होते. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिना-दीड महिना. तोवर बर्फी कुठली टिकते, आणि नाव तर बर्फीच्याही आधी नासतं. एकदा लोक म्हणाले की या बाईच्या हातचं खाऊ नये, तर ते पुसायला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. हे मला तेव्हा कळलं असं म्हणून मी उगाच शहाणा होणार नाही. मी खुशीत शीळ घालत नदी ओलांडली. रस्त्यात लोक माझ्याकडे बघून हसत होते. मला वाटलं, कर्तबगारी.

सासुरवाडीला ताटावर बसलो. सुमन वाढायला आली, माझ्याकडे बघितलं आणि पोळी हातात तशीच धरून म्हणाली, "अजी, बेगड बैलाले लावली का तुमाले?"

नाकावर चमक, मिशीत चमक, कानाच्या पाळीवर मोठा तुकडा. अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर वाळलेल्या डिंकाचा थर, त्यात बेगडीचा चुरा. खव्याच्या ओलाव्यानं तो डिंक पुन्हा चिकट झाला होता. त्या बोटांत काहीही चोळलं असतं तरी गोळीच झाली असती. मी ताट बाजूला सारलं. सासूबाईंना वाटलं पुरण बिघडलं.

दिवाकरला सगळं सांगितलं तेव्हा तो आधी पोटभर हसला, मग म्हणाला, "जवाईबापू, गोळी तुमची होती अन् नाव बाईचं झालं." मग तोही हसेना.

सकाळी दगड सुरू होण्याआधी मी नदी ओलांडली. सावरगावचा जावई म्हणून पांढुर्ण्याकडून पहिला दगड मलाच बसेल असं दिवाकर म्हणाला होता. मला त्या दगडाची भीती वाटत नव्हती. वेणूबाई दुकानात एकटी बसली होती, ट्रेवर फडकी टाकून. मी सगळं सांगितलं. बैल, डिंक, मिशी. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मंग आता सांगा न लोकायले."

इथं माझी पंचाईत. सील लागलं की निरीक्षकाचं तोंडही सील होतं. अहवाल येण्याआधी माल चांगला म्हणायचा अधिकार मला नव्हता. वाईट म्हणायचाही नव्हता, पण तो मी वापरून बसलो होतो. मी हे समजावू लागलो तर ती म्हणाली, "बोलाचं राहू द्या. खायला तं अधिकार लागत नाई?"

मला हे एकदम पटलं. मी बर्फी विकत घेतली आणि स्टँडवर, भर गर्दीत, मोठ्यांदा वाहवा करत खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी खाताना कुणीतरी मागून म्हणालं, "पाह्यलं का, साहेब पटले."

झालं. काल नकली म्हणणारा साहेब आज फुकट बर्फी खाऊन राहिला! मी पैसे दिले म्हणून ओरडलो तर म्हणाले, साहेब कधी पैसे देतात का. काल बाईचं नाव गेलं होतं, आज माझंही गेलं. वेणूबाईनं कपाळावर हात मारला. "साहेब, तुमी मदत करूच नका जी."

मग तिनंच उपाय काढला. आतून वर्खाची वही आणली. कोऱ्या कागदाच्या दोन पानांमध्ये एकेक पापुद्रा, अशी ती वही असते. पाण्याचा गडवा माझ्या हातात दिला आणि आवाज चढवून म्हणाली, "काल साहेबानं चोळलं. आज तुमी चोळा. हात धुवा अन् आपआपल्या बोटानं पाहा."

मी सरकारचा अन्न निरीक्षक, पांढुर्ण्याच्या स्टँडवर उभा राहून लोकांच्या हातावर पाणी घालत होतो. पहिला पुढं आला तो बंदोबस्ताचा पोलीस. त्यानं चोळलं, विरलं. तो बोट उलटंसुलटं करून बघत राहिला. मग बस लावून कंडक्टर आला, त्याचंही विरलं. बायका आल्या, पोरं आली. खुशाल पानवाल्याच्या बोटाला चुना आणि काथ इतका मुरलेला की वर्खाचा गुलाबी चिखल झाला. त्याला सर्वानुमते बाद केलं. कालचा तो धोतराला हात पुसणारा म्हातारा सगळ्यात शेवटी आला. हात धुतले, चोळलं, खूप वेळ चोळत राहिला. मग कालची पुडी मागितली. वेणूबाईनं ती बांधून ठेवलेलीच होती.

दुपारी तिकडे नदीत दगड पडत होते आणि इकडे ट्रे रिकामे होत होते. मी आता सुटलो असं धरून निघालो, तर वेणूबाईनं हाक मारली. तिच्या दोन बोटांवर शेवटचा वर्ख होता. तिनं तो माझ्यासमोर चोळला. गेला.

"साहेब, एक सांगा. हे गेलं कुठी?"

"असली आहे म्हणून विरलं," मी म्हणालो.

"ते समजलं. पण गेलं कुठी? बोटात शिरलं का हवेत गेलं? अन् बोटातून असं गायब होते, तं पोटात गेल्यावर कुठी जाते?"

माझ्याजवळ प्रत्येक प्रश्नाला कलम होतं. याला नव्हतं. कायद्यात चांदी किती शुद्ध असावी ते होतं; ती पोटात जाऊन पुढं काय करते यावर एक ओळ नव्हती. तरी काल बोललो होतोच, त्या सवयीनं मी म्हणालो, "बाहेर पडून जाते."

"पाह्यलं तुमी?"

मी बसच्या दिशेनं चालू लागलो.

अहवाल आला, चांदी शुद्ध. तो मी स्वतः तिच्या हातात नेऊन दिला. तिनं घडी करून तसबिरीमागं खोवला. पुढं मी जेव्हा जेव्हा त्या बाजारात गेलो तेव्हा ती मला बिनवर्खाची बर्फी द्यायची, पैसे मोजून घ्यायची आणि चारचौघांत म्हणायची, "साहेबाले चांदी नोको, त्यायच्या पोटात गोळी होते." मला 'सॅम्पल' म्हणणं बंद झालं. 'गोळी' म्हणू लागले. बदली होईपर्यंत तेच नाव राहिलं, आणि बदलीच्या गावी ते माझ्याआधी पोचलेलं होतं. कंडक्टर तोच असणार.

आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. माझी पुतणी मीनल नागपूरच्या एका कॉलेजात संशोधन करते. अन्नात घालायच्या अतिसूक्ष्म कणांवर तिचं काम आहे. नॅनो म्हणतात त्यांना. मिठाईवरच्या चांदीचे काही कण, गोळ्या-चॉकलेटं पांढरी करायची भुकटी, मसाल्याचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून घालतात ती पूड, यांत असले कण सापडतात म्हणे. ती मला समजावून सांगत होती. पदार्थ तोच, ओळखीचा. पण कण फार बारीक झाला की वागणं बदलतं. मोठा कण पोटातून मुकाट्यानं बाहेर जातो. इतक्या बारीक कणांतले थोडे आतड्याची भिंत ओलांडू शकतात, यकृताबिकृतात जाऊन बसू शकतात. किती बसतात, वर्षानुवर्षं बसून काय करतात, काही करतात की नाही, याचं ठाम उत्तर अजून नाही. युरोपात तो पांढरा रंग खाण्यातून काढूनही टाकला. तो वाईटच आहे हे सिद्ध झालं म्हणून नव्हे, निर्धोक आहे असं छातीठोक सांगता येईना म्हणून. एकदा खाल्ल्यावर पोट दुखलं तर लगेच कळतं, मीनल म्हणाली, पण थोडं थोडं आयुष्यभर खाल्ल्यावर काय होतं ते कळायला आयुष्यच जावं लागतं.

मी म्हणालो, "म्हणजे वेणूबाईचा प्रश्न."

मीनलला वेणूबाई ठाऊक नव्हती. सगळं ऐकल्यावर ती हसून हसून लोळली, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "काका, तुम्ही सगळ्यांनी एवढी वर्षं जे दिसेनासं होतं त्यालाच पास केलं." मी तिला म्हटलं, आमच्या हातात सूक्ष्मदर्शक नव्हतं, बोट होतं. पण उत्तर देऊन समाधान झालं नाही. मी आयुष्यभर गोळ्या पकडत फिरलो, आणि जे विरलं त्याला हात जोडून जाऊ दिलं.

गेल्या थंडीत पांढुर्ण्याला गेलो. दुकान तिथंच आहे, मोठं झालंय, मुलगा बसतो. वेणूबाई आत खुर्चीवर शाल पांघरून होती. मला ओळखलं. मी समोर बसलो आणि म्हणालो, "बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आलो."

"कोणत्या जी?"

"वर्ख कुठं जातो. बराचसा बाहेर पडतो म्हणे. थोडा आत राहत असेल. कुठं राहतो, काय करतो, ते अजून शोधून राहिले."

ती म्हणाली, "म्हणजे सापडलं नाई अजून."

"नाही."

"मंग सॅम्पल चालूच आहे तुमचं. आमच्या सगळ्यायच्या पोटात ठेवून बसले."

"तुमच्या पोटातही आहे का?"

"मी कधी वर्खाची खाल्लीच नाई," ती म्हणाली. "वर्ख पाह्यजे का म्हणून मले पुसणारं कोणी होतं? लोकायले चमक पाह्यजे, लोकायले दिली. चुकलं का बरोबर झालं, ते आता तुमची पुतणी सांगन तवा सांगन."

मुलानं संत्र्याच्या बर्फीची ताटली आणून ठेवली. एक साधी, एक वर्खाची. वर्खाची सुंदर दिसत होती, खोटं कशाला सांगू. मी जुन्या सवयीनं कोपऱ्यातला वर्ख चिमटीत घेतला आणि चोळू लागलो. वेणूबाईनं माझ्या बोटांकडं पाहिलं, खुर्चीखालचा पाण्याचा गडवा पुढं सरकवला आणि म्हणाली, "थांबा. आधी हात धुवा."